सकाळचा तिसरा सिलिंडर

तक्रार एका ओळीची होती: "सकाळी गाडी लंगडते." वीस वर्षं जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. मीटरवर १,६४,००० किलोमीटर, त्यांतले निम्म्याहून जास्त गॅस किटवर झालेले. माझ्याकडे येण्याआधी ती दोन गॅरेजं फिरून आली होती आणि सोबत बिलांची फाइल होती. चारही प्लग नवे, प्लग वायरचा सेट नवा, ठिणगी देणाऱ्या दोन्ही कॉइल नव्या. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारं दार) साफ केलेली, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून मशीनवर धुतलेले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबून धरतो, तेही तपासलेलं, चार आकडे आणि पुढे "ठीक" असा शेरा. एवढं होऊनही गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडतच निघाली होती.

खरा कामाचा कागद फाइलच्या शेवटी होता. गाडीच्या मालकीण काकूंनी वहीचं पान फाडून त्यावर तीन आठवड्यांची नोंद ठेवली होती. "सकाळी पहिली सात-आठ मिनिटं. रेस दिली की नीट. गॅसवर गेली की नीट. दुपारी कधी नाही. चढावर कधी नाही. पावसाचा फरक नाही." खाली एक ओळ अधोरेखित: "इंजिनाचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा शांत."

ती शेवटची ओळ मी वाचली आणि सोडून दिली. तिची किंमत मला चार दिवसांनी कळली.

मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच न पेटणारी, गाडी आली की मी आधी "केव्हा होतं?" हे विचारतो. अर्धं निदान त्या उत्तरात असतं. चढावर किंवा जोरात पिकअप घेताना मिसिंग येत असेल तर संशय स्पार्कवर. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला प्लगचा गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि दुबळी कॉइल किंवा फुटकी वायर तिथेच उघडी पडते. फक्त आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, येत असेल तर हवेची गळती किंवा कॉम्प्रेशन. आयडलिंगला सिलिंडरमध्ये मिश्रण मुळातच थोडं असतं, त्यातलं जरा निसटलं तरी पेटत नाही. ओल्या हवेत येत असेल तर वायरचं आणि प्लगच्या चिनीमातीचं इन्सुलेशन. ही गाडी चढावर कधीच चुकत नव्हती, म्हणजे प्लग, वायर आणि कॉइलवर झालेला खर्च नोंदीच्या विरुद्ध दिशेने गेला होता. त्या गॅरेजवाल्यांना मी फार दोष देत नाही. दुपारी आलेली गाडी दुपारी नीटच चालत असते, मग माणूस नेहमीच्या संशयितांना धरतो.

मी काकूंना म्हटलं, "गाडी रात्री इथेच राहू द्या. सकाळी मी येईपर्यंत कोणी चावी लावायची नाही."

सकाळी सेल मारला. थंड इंजिन १,२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जाऊन स्थिर व्हायला हवं होतं. ते ९०० च्या आसपास गचके खात उभं राहिलं. बॉनेट उघडलं तर इंजिन एका बाजूला झुकतंय, सावरतंय, परत झुकतंय. सायलेन्सरच्या तोंडाशी फट्, मग थोडा वेळ नीट, मग परत फट्. मी वहीचा कागद पाइपच्या तोंडापासून दोन बोटं लांब धरला. धक्क्यांनी तो बाहेर फडफडत होता, पण मधेच क्षणभर आत ओढला जाऊन पाइपच्या कडेला चिकटत होता. पोऱ्या बघत उभा होता.

"उस्ताद, आत का ओढतोय?"

"बघू," म्हटलं. जुन्या लोकांच्या मते हे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप, गळण्याचं लक्षण, पण नुसत्या मिसिंगनेही कागद कधी कधी असा वागतो. त्यावर मी पैज लावली नसती.

सात मिनिटांनी गॅस किटने आपोआप पेट्रोल बंद करून गॅस चालू केला आणि गाडी लगेच शहाण्यासारखी चालायला लागली. इंजेक्टर धुण्याचं बिल कुठून आलं ते मला तिथे समजलं. पेट्रोलवर बिघाड, गॅसवर नीट, म्हणजे पेट्रोलचा इंजेक्टर, असा सरळ हिशोब कोणीतरी मांडला होता. पण गॅस किट इंजिनाचं पाणी ठराविक तापमानाला आलं की मगच इंधन बदलतं. म्हणजे त्या एका क्षणी दोन गोष्टी बदलत होत्या, इंधन बदलत होतं आणि इंजिनही तापलेलं होतं. दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

दुसऱ्या सकाळी किटचं बटण पेट्रोलवरच अडकवून गाडी सुरू केली. पुन्हा तीच लंगड. आठव्या-नवव्या मिनिटाला, अजून पेट्रोलवरच असताना, ती हळूहळू जुळली आणि नीट झाली. इंधनाचा संबंध तुटला. पुढचा शोध तापमानाचा.

दरम्यान गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून ठेवला होता. त्यात दोन कोड होते: पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, आणि पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त. इथे मी घाई न करता स्पार्कचा निकाल आधी लावला. या गाडीत दोन कॉइल आहेत, एक पहिल्या-चौथ्या सिलिंडरला, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला, आणि प्रत्येक कॉइल आपल्या दोन्ही प्लगना एकदमच ठिणगी देते. दुसरा सिलिंडर ठणठणीत आणि तिसरा आजारी असेल तर कॉइलवर संशय कमी होतो. राहिले वायर आणि प्लग. मी दुसऱ्या-तिसऱ्याचे प्लग आपसात बदलले, वायरही बदलल्या. मिसिंग तिसऱ्यावरच राहिलं. काढलेला तिसरा प्लग ओलसर होता, पेट्रोलचा वास येणारा, बाकी तिघांच्या टोकाला फिकट तपकिरी रंग. म्हणजे पेट्रोल पोचत होतं आणि ठिणगीही पोचत होती. पेटत नव्हतं ते फक्त.

आता पी०१७१. हा कोड दिसला की लगेच गळती शोधायला धावू नये, कारण गळती नसतानाही मिसिंग स्वतःच हा कोड आणू शकतं. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरमध्ये येतो. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, न जळलेलं पेट्रोल त्याला दिसत नाही. तो कॉम्प्युटरला सांगतो "हवा जास्त आहे" आणि कॉम्प्युटर चारही सिलिंडरना पेट्रोल वाढवत बसतो. म्हणून मी ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय त्याचे, आकडे मिसिंग पूर्ण थांबल्यावर, गरम इंजिनावर, पेट्रोलवर घेतले. आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १७ टक्के. २,५०० वर रेस धरली की दोन-तीन टक्क्यांवर उतरायचा. मिसिंग नसताना १७ म्हणजे खोटी साक्ष नव्हे, खरी गळती. आणि रेस दिल्यावर आकडा उतरणं ही व्हॅक्यूम गळतीचीच सही: चिरेतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण इंजिन ओढत असलेली एकूण हवा वाढली की तिचा वाटा नगण्य होतो. पेट्रोलचा दाब कमी असता तर उलटं झालं असतं, रेस आणि लोड वाढताना आकडा चढला असता.

इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, धूर सोडला. मिनिटभरात, ती हवा चारही सिलिंडरना वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या पोटाखालून, जिथे हात जेमतेम जातो तिथून, धुराची पातळ रेघ निघाली. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ इनटेकमध्ये नेणारी जी नळी असते तिचा कोपरा खालच्या बाजूने उभा फाटला होता. वरून बघितलं तर नळी नवीकोरी. खालून तेलाने भिजून फुगलेली, अंगठ्याने दाबली तर चीर ओठांसारखी उघडायची. (काही जण गळती शोधायला कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टशेजारी मी ते करत नाही आणि पोऱ्यालाही करू देत नाही.)

नळी बदलली, कोड पुसले, चक्कर मारली. ट्रिम अधिक ३ वर येऊन थांबला. सगळी कथा जुळत होती: इंजिन थंड असताना ऑक्सिजन सेन्सर तापलेला नसतो, कॉम्प्युटर त्याचं ऐकत नाही आणि गळतीची भरपाई नीट होत नाही, म्हणून सकाळी मिसिंग. सेन्सर जागा झाला की मिश्रण सावरतं, म्हणून आठ मिनिटांनी नीट. इतकी छान कथा की मी काकूंना फोन करून "उद्या सकाळी न्या" असं सांगून टाकलं. हे सांगायला नको होतं.

तिसऱ्या सकाळी सेल मारला. इंजिन १,२०० वर चढलं, आधीपेक्षा पुष्कळ बरं, आणि मग सायलेन्सरमधून फट्.

पोऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

माझी चूक कोडमध्येच लिहिलेली होती. ती नळी मॅनिफोल्डच्या सामाईक भागात जाते, तिथली गळती चारही सिलिंडरना सारखीच वाटून जाते. मग एकटा तिसराच का चुकत होता? मिश्रण पातळ झालं की सगळ्यात आधी तोच सिलिंडर मार खातो जो आधीपासून अशक्त आहे. गळतीने त्याचा अशक्तपणा उघड केला होता आणि त्याच वेळी झाकलाही होता. आठ मिनिटांची लंगड आता चार मिनिटांवर आली होती. गळतीने बाकीची चार मिनिटं जोडली होती, इतकंच.

थंड असतानाच एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघितला. पहिल्याचा काढला, आरपीएम ८०-९० ने पडले. दुसऱ्याचा, तेवढेच. चौथ्याचा, तेवढेच. तिसऱ्याचा काढला तर जेमतेम २० चा फरक. हा सिलिंडर काम करत नव्हता, नुसता सोबत फिरत होता. (प्लगची वायर ओढून हीच चाचणी करायची जुनी सवय या गाड्यांवर सोडावी. हाताला झटका बसतो तो बसतोच, पण न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो वितळू शकतो.)

आता फाइलमधला कॉम्प्रेशनचा कागद परत काढला. १७५, १७२, १६५, १७४ पीएसआय. फरक दहा टक्क्यांच्या आत, कोणीही "ठीक" म्हटलं असतं. पण कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं: "इंजिन गरम." त्यांनी नियमाप्रमाणेच केलं होतं. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून घ्यायचं असतं, सगळी पुस्तकं तेच सांगतात. फक्त या गाडीचा आजार गरम इंजिनात राहतच नव्हता.

चौथ्या सकाळी चावी न लावता, गार इंजिनावर गेज लावलं. पहिला १६८. दुसरा १६५. तिसरा ९५. चौथा १६६.

तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मापलं. ९८. पिस्टनच्या रिंग झिजलेल्या असत्या तर तेलाने फटी बुजून आकडा चांगलाच वर गेला असता. गेला नाही, म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून. खात्रीसाठी तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणला, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, म्हणजे हवेने इंजिन फिरू नये, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. थ्रॉटलशी कान लावला, शांत. ऑइलच्या झाकणाशी किंचित हवा, जेवढी कुठल्याही जुन्या इंजिनात असते. मग पोऱ्याला मागे पाठवलं. तो सायलेन्सरशी वाकला आणि तिथूनच ओरडला, "उस्ताद, इथे सापासारखं फुसफुसतंय!"

टॅपेट कव्हर उघडलं. या इंजिनाच्या पुस्तकात टॅपेटच्या गॅपचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीचे, दोन आकडे दिलेले आहेत: थंड असताना ०.१३ ते ०.१७ मिलिमीटर, गरम असताना ०.२३ ते ०.२७. अनेकांचा समज असा की तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो म्हणजे गॅप कमीच होणार. पण हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह बसवलेला भाग, अॅल्युमिनियमचं आहे आणि अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. इंजिन बंद करून मापलं तर गरम हेडने रॉकर वर उचलून धरलेला असतो आणि गॅप वाढलेला मिळतो. म्हणजे या इंजिनात सगळ्यात कमी गॅप पहाटे असतो, गार असताना. पुस्तकातल्या त्या दोन आकड्यांत आख्खं निदान छापलेलं होतं.

फट मापायच्या फिलर गेजची ०.१५ ची पात तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये जाईना. ०.१० जाईना. सगळ्यात बारीक ०.०५ ची घेतली, तीही कडेला अडून वाकली. रॉकर बोटांनी हलवून बघितला, हलायला जागाच नव्हती. व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कडेवर, टेकायच्या आतच रॉकर त्याला दाबून धरत होता, केसभर उघडा. बाकी एक्झॉस्ट ०.०८ ते ०.१०, तेही घट्टच. इनटेक चारही ०.१५ च्या आसपास, जसे हवे तसे. फक्त एक्झॉस्टच आवळलेले, हा गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनाचा ओळखीचा चेहरा. गॅस कोरडा. पेट्रोलच्या ज्वलनातून सीटवर जो बारीक थर राहतो तो गॅसवर नीट बसत नाही, धातू धातूवर आपटत राहतो आणि सीट झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो आणि त्याचं दुसरं टोक रॉकरकडे वर येतं. झिजेने गॅप वाढतो अशी आपली सवयीची समजूत, इथे झिजेने तो बुजतो. आणि बुजताना टॅपेटची नेहमीची टिकटिकही बंद होते. काकूंनी लिहिलं होतंच: आवाज पूर्वीपेक्षा शांत.

रेस दिल्यावर हे लपतं कसं, तेही इथेच सांगतो. ९०० आरपीएमला कॉम्प्रेशनचा एक स्ट्रोक सुमारे ३३ मिलिसेकंदांचा असतो, ३,००० ला १०. फट तीच, पण हवेला निसटायला वेळ एक-तृतीयांश. म्हणून चढावर ही गाडी कधी लंगडली नाही. पण म्हणून व्हॉल्व्ह सुखात होता असं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकून हेडमध्ये सोडतो. टेकलाच नाही तर त्याची कड तापत राहते आणि एक दिवस जळून तिथे खाच पडते. मग गार-गरम असा भेद उरत नाही.

गॅप बसवायचं काम अर्ध्या तासाचं. फायरिंगचा क्रम १-३-४-२, त्या क्रमाने एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर आणायचा, लॉकनट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पात जराशी घासत सरकेल इतपत ठेवून नट आवळायचा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून पुन्हा मापायचं. एक्झॉस्ट मी मुद्दाम वरच्या मर्यादेवर, ०.१७ वर ठेवले. गॅप पुढेही बुजत जाणार हे माहीत असताना मधला आकडा कशाला धरायचा?

पाचव्या सकाळी गार इंजिनावर तिसऱ्याचं कॉम्प्रेशन १५६. बाकीच्यांच्या बरोबरीला आलं नाही. व्हॉल्व्हची कड थोडी खाल्ली गेलीच असणार. सेल मारला, १,२५० वर चढली, हळूहळू ८०० वर उतरली. स्कॅनरवर चारही सिलिंडरचे मिसिंग काउंटर शून्य. ड्रायव्हरच्या सीटला हलकी थरथर उरली होती, ती मागच्या इंजिन माउंटिंगची, रबर बसलेलं होतं. तेही बदललं.

काकू आल्या तेव्हा मी आकडे समोर ठेवले आणि सांगितलं, "हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह नवे टाकले तर काम कायमचं होईल. पण आज ते करायलाच हवं असं नाही."

"आज नाही केलं तर काय बघत राहायचं?"

"टॅपेट. दर पाच हजार किलोमीटरला, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर. आणि गाडी जास्तच शांत वाटायला लागली तर त्याआधी."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पाच हजारांनंतर गाडी आली तेव्हा तिसऱ्याचा एक्झॉस्ट ०.१७ वरून ०.१४ वर उतरला होता, बाकीचे तिन्ही जागच्या जागी, गार कॉम्प्रेशन १५५. स्क्रू परत ०.१७ वर आणला. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे, त्यावर आठही गॅप, किलोमीटर आणि तारीख, अशा दोन ओळी आता झाल्या आहेत. तिसरी ओळ आखून रिकामी ठेवली आहे.